रविवारची मजुरी

हाशिम मिस्त्रीला या कामात काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. पैसा म्हणाल तर फार नाही. ठरलेली मजुरी ऐकून शेजारचा पंक्चरवालासुद्धा हळहळला होता. नाव म्हणाल तर भोरात जेट स्की जोडली म्हणून कोण कुणाचं नाव काढणार? निम्म्या गावाला ती काय असते ते ठाऊक नाही, आणि उरलेल्या निम्म्याला ती आपल्याला कधी लागणार नाही हे पक्कं ठाऊक. मिळणार होता तो रविवार. दर रविवारी सकाळी कुमार गुंजवण्याहून पिकअप घेऊन येणार, शेडमधल्या पालथ्या क्रेटवर बसून संध्याकाळपर्यंत बडबडणार, आणि हाशिमला एकाच्या जागी दोन कप चहा टाकावा लागणार. बाकीचं जग याला खर्च म्हणेल. हाशिम तो जमेत धरत होता.

त्याचं कारणही होतं. त्याची बायको अजीजुन्निसा लेकीच्या, म्हणजे अरिबाच्या, बाळंतपणाला म्हणून पुण्यात कोंढव्याला गेली, ती दीड महिन्याच्या बोलीवर. ते बाळ आता बालवाडीत जातं आणि आजीला इंग्रजी रंग शिकवतं. रोज संध्याकाळी फोन येई.

"काय खाल्लं?"

"खाल्लं."

"काय ते सांगा की."

"भात."

"इकडं या म्हणते तर येत नाही."

"शेड कुणी बघायचं?"

शेडमध्ये बघण्यासारखं होतं काय, तर फवारणीचे पंप, दोन-चार मोटरसायकली, आणि गोव्याच्या किनाऱ्यावर भाड्याच्या जेट स्क्या दुरुस्त करण्यात घालवलेल्या वर्षांची हत्यारं. लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती हत्यारं मावत नव्हती. हत्यारांशिवाय आपण कुठं मावू, हे हाशिमला कळत नव्हतं.

दिवसभरात त्याच्याशी बोलणारा दुसरा आवाज म्हणजे टेबलावरचा तो डबा. गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे टाकले की डब्यातली बाई खणखणीत सांगायची, अमुक रुपये प्राप्त झाले. हाशिम तिला न चुकता उत्तर द्यायचा, "मेहरबानी, बाई." पंक्चरवाला म्हणायचा, "मिस्त्री, लगीन लावून टाका आता तिच्याशी."

डबा बोलायचा, पण पूर्ण रक्कम कधी बोलायचा नाही. इथली रीतच तशी. मिस्त्रीचं बिल कुणी शेवटच्या रुपयापर्यंत भागवत नाही. शे-पन्नास मागं ठेवतात. "राहू द्या मिस्त्री, येतोच की परत." त्याला उधारी म्हणत नाहीत. त्याला ओळख म्हणतात. ज्यानं सगळं चुकतं केलं, त्यानं दुसरा मिस्त्री बघितला असं समजायचं.

तर कुमार. पस्तिशीचा गडी. धरणाच्या पाण्याकाठी चार तंबू टाकून पुण्याच्या लोकांना चुलीवरचं पिठलं विकायचा. धंदा बरा चालला होता. लग्नाचं काही जमत नव्हतं. मुलीकडचे विचारत, मुलगा करतो काय? तंबू, म्हटलं की पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा. घरी बापाचे टोमणे, गावात मित्रांची पोरं शाळेत जायला लागलेली. तशात त्यानं मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी माणसाला जेट स्कीवर उभं राहून पाण्यात गिरक्या घेताना पाहिलं आणि त्या यंत्राचा नुसता सांगाडा मागवला. मूळ कंपनीचा नव्हे. हौशी लोकांसाठी दुसरेच कुणी करतात तो, हलक्या फायबरचा. इंजिन मालवणकडच्या एका मोडीत काढलेल्या मशीनचं मिळालं. जोडणारा माणूस शोधत तो हाशिमपर्यंत आला.

सांगाडा सारोळ्याला ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरला. दोघं आणायला गेले, तर पावती फाडणारा कारकून त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "न्हाणीघराचा टब का काय हो?"

"व्हय," कुमार म्हणाला, "उभ्यानं आंघोळ करायचा."

तेव्हाच हाशिमला पोरगा आवडला.

सांगाडा म्हणजे खरोखर सांगाडा होता. एक भोक पाडलेलं नव्हतं. इंजिन कुठं बसणार, टाकी कुठं, पाणी कुठून आत येणार, सगळं मोजून, खुणा करून, छातीवर दगड ठेवून ड्रिल मारायचं. चुकलं की फायबरला माफी नाही. पहिल्याच रविवारी हाशिमनं तो उलटा करून पोटाखालचं लांबट तोंड दाखवलं.

"हे बघ. हितनं पाणी ओढतं अन् मागनं फेकतं, म्हनून पळतं. ह्या तोंडाशी दोरा न्यायचा न्हाई. बुटाची नाडी न्हाई, टावेल न्हाई, काय न्हाई. वर जाळी असती, पन दोरा जाळीतनं बी जातो. आत पंखा हाय, तो गिळतो. गोव्यात एकाची लुंगी गिळली."

"मग लुंगीचं काय झालं?"

"लुंगीचं सोड. आत मानूस हुता त्याचं इचार."

कुमार इतका हसला की क्रेटवरून पडला. मग डोळे पुसत म्हणाला, "चाचा, बसून चालवायची घेतली असती तर सोपं पडलं असतं न्हाई?"

"लई सोपं. ती स्कूटर. ही निराळी जात. ही थांबलेल्या मानसाला उभं राहू देत न्हाई. थांबला की गुडघ्यापर्यंत पान्यात. पळत असशील तरच उभा."

"म्हंजी आमच्या बापासारखी," कुमार म्हणाला.

उन्हाळा गेला, पाऊस लागला, काम चाललं. चाललं म्हणजे पुढं चाललं असं नव्हे. इंजिनाचा दांडा आणि पाणी फेकणाऱ्या पंपाचा दांडा एका ओळीत यावे लागतात. केसाएवढा फरक राहिला तरी मशीन थरथरतं आणि बेअरिंग खातं. ती ओळ जुळवायला इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सरकवायच्या. रविवारी संध्याकाळी ओळ जुळायची. शनिवारी हाशिम एक चकती काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचा.

"मागच्या रईवारी तर जुळलं हुतं!" कुमार कपाळाला हात लावायचा.

"लोखंड हाय बाबा. थंडीनं आखडतं."

"मे महिन्यात?"

"मग उन्हानं फुगलं आसंल."

कुमार त्याच्याकडं जरा बघायचा आणि पाना उचलायचा. हाशिमला वाटायचं, पोराला कळत नाही. पुढं श्रावण आला तरी लोखंड आखडत होतं.

मधल्या वेळात बोलणं व्हायचं. कुमार सांगायचा, धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं खालचं भातखाचर गेलं. मोबदला मिळाला, त्याचे तंबू झाले, ते सगळं खरं. पण आजही बाप संध्याकाळी काठावर बसून पाण्यातल्या एका जागेकडं बोट दाखवतो, तिथं बांध होता, तिथं आंबेमोहर व्हायचा. "एकदा जाऊन त्या खाचरावर उभं राहायचं हाय, चाचा. होडीत बसून न्हाई. उभं." हाशिम ऐकायचा आणि दुसरा चहा टाकायचा. सोमवारी पालथं क्रेट जागच्या जागी असायचं. तो ते बाजूला सारायचा नाही. पंक्चरवाल्यानं एकदा त्यावर बूड टेकलं, तर म्हणाला, "उठ, त्याला रंग लागलाय." रंग कुठलाच नव्हता.

दसरा झाला आणि कुमार एका रविवारी जरा इस्त्रीच्या शर्टात आला.

"चाचा, आता संपवा."

"संपलंच की. जरा ती ओळ..."

"ओळ जुळवा." तो हसत होता, पण ऐकण्याच्या बेतात नव्हता. "भोंगवलीचं स्थळ आलंय. सुलक्षणा नाव. पतसंस्थेत हाय. फोनवर बोललो तर म्हनली, तंबू चालतील, पन मानूस कसा हाय ते बघायचंय. तुळशीचं लगीन झालं की रईवारी कॅम्पवरच येनार समदी. त्या दिवशी मशीन पान्यात पायजे."

"अन् मग?"

"मग काय? मशीन तिकडंच. रईवारी कॅम्पला गर्दी असती. इतके दिस बापानं वढलं. लगीन झालं तर मग हितं कुठनं जमतंय सारखं?" मग त्याला काहीतरी जाणवलं असावं. "येत जाईन की मधनंमधनं."

मधनंमधनं. अजीजुन्निसाही असंच म्हणाली होती. हाशिमनं खिशातल्या चकत्या काढल्या आणि एकेक करून जागेवर सारल्या. ओळ अशी जुळली की दांडा बोटानं फिरत होता.

ठरल्या रविवारी गुंजवण्याला पाण्याकाठी सगळे जमले. समोर राजगड, खाली काठोकाठ पाणी, आणि चिखलात उभं राहून आपापली पादत्राणं वाचवणारी भोंगवलीची मंडळी. सुलक्षणाचे वडील दूध संघातले, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणारे. सुलक्षणा स्वतः उंच, जाड भिंगांच्या चष्म्याची; तिनं मशीनभोवती फिरून विचारलं, "उभ्यानं? पडत नाहीत?"

"पडतो की," कुमार म्हणाला. "पडल्यावर परत चढायचं, एवढंच शिकायचं असतं."

ती हसली. कुमारचा बाप चिमाजी बाजूला विडी विझवत म्हणाला, "बघा पाव्हणं, आपल्याच खाचरात जायला आता पेट्रोल लागतंय." पाहुणेही हसले. हिशेब चांगला चालला होता.

मग कुमारची चुलती चंद्राबाई पूजेचं ताट घेऊन पुढं आली. कुमारची आई लवकर गेली. असल्या कामात चंद्राबाईंचा शब्द शेवटचा. हळदकुंकू झालं आणि त्यांनी नारळ उचलून मशीनच्या नाकावर नेम धरला.

"वहिनी!" हाशिम चिखलात धावला. "थांबा, थांबा! फायबर हाय, तडकंल. दगडावर फोडा."

"दगडावर फोडला तर देवाला कसं कळायचं कुनाचा नारळ हाय ते?"

"म्या सांगतो त्याला."

"तुमचा देव निराळा, मिस्त्री. निरोप चुकंल." सगळे हसले, नारळ दगडावर फुटला, आणि चंद्राबाईंनी ताटातून झेंडूचा भलामोठा हार काढला. "आता हार तरी घालू द्याल का न्हाई? का हारानं बी तडकतंय?"

सगळ्यांनी हाशिमकडं बघितलं.

हाशिमनं हाराकडं बघितलं. झेंडूची फुलं टपोरी होती, आणि त्यांच्यामधून चमकत होता तो साधा दोरा नव्हता. चंद्राबाईंनी अभिमानानं सांगितलं, "घरातला दोरा सरला, म्हनून कुमारच्या मासे धरायच्या दोऱ्यात ओवलाय. वढून बघा. तुटायचा न्हाई."

तुटायचा नाहीच. हँडलच्या दांड्यावरून तो पहिल्याच गिरकीला घसरेल, पाण्यात पडेल, पोटाखालच्या तोंडात जाईल आणि पंख्याच्या दांड्याभोवती असा आवळेल की मशीन जागच्या जागी मुकं होईल. माणसाला धोका नाही; अंगात तरंगायचं जाकीट आहे. इंजिनाला धोका नाही. कुमार लगेच बंद करील. फक्त मशीन परत भोरला येईल. पंप उतरवायचा, बेअरिंग तपासायचं, ओळ पुन्हा जुळवायची. दोन रविवार. ओढून ताणून तीन.

हे सगळं हाशिमच्या मनात चंद्राबाईंचा हात वर जाईपर्यंत मांडून झालं होतं. यंत्रांत जिंदगी गेलेल्या माणसाला एवढा वेळ पुष्कळ होतो.

कुमारलाही ते ठाऊक असायला हवं होतं. पहिल्या रविवारी शिकला होता. पण कुमार सुलक्षणाच्या चष्म्याकडं बघत होता.

"घाला की," हाशिम म्हणाला. "शोभतोय."

मशीन निघालं ते बघण्यासारखं होतं. आधी कुमार मागं पाण्यात लोळला, मग गुडघ्यांवर आला, मग नाक वर उचललं गेलं आणि तो उभा राहिला. पाण्याच्या मधोमध एक माणूस उभा, मागं पांढरी रेघ, गळ्यात हार घातलेलं यंत्र. चिमाजी एकदम उठून उभा राहिला. "तितंच... तितंच हुता बांध," तो कुणाला तरी म्हणाला.

कुमारनं त्या जागेवर गिरकी घेतली, तोल गेला, पडला, पुन्हा चढला. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. मग एकदम केवढी शांतता. लांबवर एक डोकं, दोन हात, आणि त्यांनी धरून ठेवलेला तो टब.

सगळे थांबले. होडी कुणाकडंच नव्हती. मासे धरणारा सोनबा आपला तराफा घेऊन पलीकडच्या काठाला होता. त्याला हाका मारून घसे बसले, तेव्हा कुठं तो हलला. वारा कुमारला उलटा नेत होता. पोहे आले, खाल्ले गेले. चिमाजीनं एकदा प्रयत्न केला, "खाचरातच हाय आपल्या. पेरनी करूनच येतोय बघा," पण कुणी हसलं नाही. सुलक्षणाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं.

सुलक्षणा हाशिमजवळ येऊन उभी राहिली. तिला वाटलं, यंत्राचं याला कळतं तर माणसाचंही कळत असेल.

"चाचा, त्यांना गारठा लागत असेल ना?"

"लागत आसंल," हाशिम म्हणाला.

सोनबाचा तराफा कुमारपर्यंत पोचायच्या आत भोंगवलीची जीप निघून गेली होती. काठाला लागला तेव्हा कुमारचे ओठ निळे होते, आणि त्यानं पहिल्यांदा बघितलं ते जीप उभी होती त्या जागेकडं.

त्याच आठवड्यात निरोप आला. मुलगा चांगला आहे, पण पाण्याचा नाद दिसतो. आमच्या मुलीला तो काठावर बसवून ठेवील.

पुढच्या रविवारी पिकअप भोरला आली. हाशिमनं सकाळीच दोन कप धुऊन ठेवले होते. दोघांनी मशीन उलटं केलं, जाळी काढली, आणि हाशिमनं पक्कडीनं दोरा ओढायला सुरुवात केली. तो निघता निघेना. चमकता दोरा, त्याला चिकटलेल्या कुजक्या काळ्या पाकळ्या, पुन्हा दोरा.

कुमार पालथ्या क्रेटवर बसून बघत होता.

"तुमी सांगितलं हुतं मला," तो म्हणाला. "पैल्याच दिवशी. लुंगीची गोष्ट. अन् म्या डोळ्यांदेखत हार घालू दिला. मूर्ख. तुमची एवढी मेहनत, चाचा, अन् म्या चार मानसांत पान्यात घालवली."

हाशिम ओढत राहिला.

"एक झालं बरं," कुमार पुढं म्हणाला, आणि आवाजात उसनं बळ आणलं. "आता रईवार मोकळेच. हिला नीट करू. मग आनखी एक सांगाडा मागवू, आपन दोघंच. करू त्याचाच धंदा. बाहेर पाटी लावू. तुमचं नाव वर, माझं खाली."

आता बघा, हाशिमनं जे मागितलं नव्हतं तेही पदरात पडत होतं. दोन-तीन रविवारांसाठी त्यानं तोंड मिटलं होतं आणि समोरून सगळेच्या सगळे येत होते, वर पाटी. गप्प बसलं की झालं. आजवर गप्प बसून त्याचं काही वाईट झालं नव्हतं.

पण पोरानं दोष स्वतःच्या खात्यावर मांडून घेतला होता, तेवढं त्याला पचेना.

"म्या बघितला हुता," हाशिम म्हणाला.

"काय?"

"हार. अन् दोरा बी. तुझ्या चुलतीनं घालायच्या आदी."

कुमारला कळायला वेळ लागला. "मग नारळाला धावला, तसं..."

"न्हाई धावलो." हाशिमनं पक्कड खाली ठेवली. "म्हनलं, बंद पडंल. परत हितं येईल. दोन रईवार तरी." बोलणं सुरू झालंच होतं, तर त्यानं तळाचंही काढलं. "चकत्या बी म्याच काढत हुतो. दर शनवारी."

"चकत्यांचं ठाऊक हुतं मला."

हाशिमनं मान वर केली.

"मे महिन्यात लोखंड आखडतं व्हय, चाचा?" कुमार हसल्यासारखं करून म्हणाला. "म्हनलं, असू दे. मला तरी घरी कोन वाट बघत बसलं हुतं?" मग हातातला कप फिरवत म्हणाला, "चकत्या काढल्या तवा आपन दोघंच हुतो. तितं ती हुती, चाचा."

चहा अर्धा ठेवून तो उठला. दोघांनी मशीन पिकअपमध्ये चढवलं. एकट्याला उचलत नव्हतं म्हणून, नाहीतर त्यानं हाशिमला हात लावू दिला नसता. जाताना "येतो" म्हणाला नाही.

त्या संध्याकाळी फोन आला. "काय खाल्लं?"

"भात."

"आवाज असा का?"

"धूळ गेली नाकात."

"इकडं या म्हणते."

"बघू," हाशिम म्हणाला. शेड कुणी बघायचं, ते त्या दिवशी त्यानं विचारलं नाही.

बुधवारी तो एका फवारणी पंपाचं वायसर बदलत बसला होता, तेव्हा डबा बोलला. "अठरा हजार सातशे चाळीस रुपये प्राप्त झाले." हाशिमला वाटलं बाई चुकली. मोबाईल काढून चष्मा लावून बघितलं. कुमारनं पाठवले होते, आणि खाली दोन शब्द लिहिले होते: चहा धरून.

त्यानं जोडून बघितलं. मजुरी आली, फायबर चिकटवायचं रेझिन आलं, सारोळ्याहून आणायचं डिझेलही आलं. वरचे सातशे चाळीस चहाचे. एक रुपया मागं ठेवलेला नव्हता.

"मेहरबानी, बाई" हे शब्द ओठांपर्यंत आले आणि राहिले. पंक्चरवाला दारातून डोकावून म्हणाला, "दांडगं गिऱ्हाईक दिसतंय, मिस्त्री!" आणि बसायला जागा शोधत पालथ्या क्रेटकडं वळला. हाशिमनं या वेळी रंगाचं काढलं नाही. पंक्चरवाला बसला.

झेंडू चंद्राबाईंचा गेला, पोहे चिमाजीचे गेले, जीपचं भाडं भोंगवलीकरांनी भरलं, सोनबानं तराफ्याचं काही घेतलं नाही. कुमारचं स्थळ गेलं आणि वर त्यानं सगळं बिल चुकतं केलं. राहिलेलं देणं एकट्या हाशिमकडं होतं, आणि ते मागायला कुणी येणार नव्हतं.